उसनी नाडी

हेमलता डांगरेच्या हातात हात दिला की हाडंसुद्धा मऊ होतात, असं विट्याच्या बायका म्हणायच्या. लग्नघरी चुडा भरायला ती पाटावर बसली, की समोरच्या पोरीचा हात आधी नुसता कुरवाळायची. मग अंगठा तळव्याखाली निजवायची, बोटांची पेरं एकावर एक दाबायची, आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत काचेचं काकण अशा अरुंद जागेतून पार न्यायची, की पोरीच्या आईनं श्वास सोडेपर्यंत ते मनगटावर किणकिणत असायचं.

सैल सोड गं मनगट, मुठीत नको धरू भीती,
काचंच्या वाटंवरती, माझी बोटं सोबत येती.

सासूकडून आलेलं कासाराच्या घरचं हे कसब. ते आपण नवऱ्याच्या हातावर चोरासारखं वापरू, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नंदकुमारांना आतड्याची गाठ निघाली ती पावसाळा सरता सरता. गाठ काढता येण्यासारखी होती. अडचण होती ती हृदयाची. सात वर्षांपूर्वीच्या झटक्यानं त्यांचं हृदय अर्धं दमून गेलेलं. मिरजेच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ डॉक्टर नसरीन मुल्ला यांनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. बाई पन्नाशीच्या आतबाहेर, आवाज शांत, आणि बोलताना दुसरीकडं न बघायची सवय.

"काका, शस्त्रक्रिया तुमच्या पोटाची आहे. पण तुम्हाला तारायचं की मारायचं, ते भूल ठरवते. भुलीचं औषध मेंदूला झोपवतं, तसं हृदयालाही थोडं झोपवतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो. धडधाकट माणूस ते सोसतो. तुमच्या हृदयाकडं शिल्लक कमी आहे."

म्हणून आता आधी प्रतिदेह बनवत. दहा दिवस मनगटावर एक मऊ, कुलूपबंद पट्टा बांधायचा. नाडीची लाट किती वेगानं धावते, चढण चढताना हृदय काय करतं, झोपेत किती निवतं, हे सगळं तो टिपायचा. त्यात हृदयाची सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या मिळवल्या, की यंत्राच्या आत त्या माणसाचं दुसरं शरीर उभं राहायचं. डोळे नाहीत, नाव नाही, पण रक्त त्याच्याच चालीनं वाहणारं. त्या शरीराला यंत्र आदल्या दिवशी हजार वेळा भूल द्यायचं. कधी हे औषध, कधी ते, कधी थोडं, कधी जास्त. हजारातून किती वेळा ते उठलंच नाही, तो आकडा कागदावर यायचा. पन्नासच्या वर गेला, तर शस्त्रक्रियागृहातले औषधाचे पंप उघडायचेच नाहीत. असा नियम झाल्यापासून भुलीत माणसं दगावणं जवळपास थांबलं होतं. दारातून परत जाणारी माणसं मात्र वाढली होती.

नंदकुमारांचा आकडा आला एकशे साठ.

"नवीन गोळ्या देते," डॉक्टर नसरीन म्हणाल्या होत्या. "रोज थोडं चाला. तीन आठवड्यांनी पुन्हा पट्टा बांधू. आणि झोप चांगली घ्या. झोपेतली नाडी यंत्र सगळ्यात खरी मानतं. जागेपणी माणूस घाबरतो, चिडतो; झोपेत तो जसा आहे तसा असतो."

परतीच्या एसटीत नंदकुमार खिडकीबाहेर बघत राहिले. जत्रेजत्रेत बांगड्यांचं दुकान लावून गर्दीला हसवणारा माणूस. तासगावपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाले, "हेमे, नापास झालो की गं."

तो शब्द तिच्या काळजात काचेसारखा घुसला. आणि परीक्षाच असेल, तर दुसऱ्यानं पेपर लिहून द्यायची वाटही असते, हे तिथंच तिच्या डोक्यात आलं.

दुसऱ्या खेपेला पट्टा बांधून आणला, त्या दिवसापासून नंदकुमारांचा डोळा लागला की हेमलता उठायची. बोटांना खोबरेल लावायची. त्यांचा अंगठा निजवायचा, पेरं दाबायची, आणि पट्टा सरसर काढून आपल्या हातात. तो कातडीपासून जरा जास्त वेळ दूर राहिला तर बोंब मारणार होता. तेवढा वेळ तिनं त्याला कधी दिलाच नाही. तिच्या मनगटाला तो ढिला व्हायचा, म्हणून कोपराकडं सरकवून बसवायची. मग अंधारात पडून मनाशी ओव्या म्हणायची, आपली नाडी भीतीनं धावू नये म्हणून. साठीची असली तरी तिचं हृदय तीन जिने चढून बोलत राहणाऱ्या बाईचं होतं. पहाटे ते कूस बदलायच्या आत पट्टा परत त्यांच्या हातात.

या खेपेला आकडा आला एकतीस.

"गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या," डॉक्टर नसरीन कागद उलटसुलट करत म्हणाल्या. "सोनोग्राफीत एवढा फरक दिसत नाही खरं तर. पण ती पाच मिनिटांची, आणि पट्टा दहा दिवसांचा."

नंदकुमारांचा चेहरा असा उजळला, की हेमलताला त्याकडं बघवेना. दुसऱ्या दिवशी ते तिला न सांगता रेणावीला गेले आणि रेवणसिद्धाची चढण चढून आले. "बघितलंस? मध्ये दोनदाच बसलो," म्हणाले. ती हसली, आणि मोरीत जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिली.

आता ते शस्त्रक्रियागृहाच्या शेजारच्या खोलीत चाकाच्या पलंगावर पडले होते, अंगावर हिरवा झगा, डोक्यावर कागदी टोपी. झोप लागेपर्यंत घरच्या एका माणसाला सोबत राहता यायचं, म्हणून हेमलतालाही तसाच झगा दिला होता.

"तू तर डॉक्टरीण दिसतीयास," नंदकुमार म्हणाले. "फी किती घेणार?"

"गप पडा जरा."

डॉक्टर नसरीन आत आल्या. हातातल्या पाटीवर प्रतिदेहाची आकृती निळसर धडधडत होती. "चला काका. घाबरायचं कारण नाही. पहिल्या औषधापासून शेवटच्यापर्यंत सगळं यंत्र देणार, तुमच्या या जोडीदाराला विचारून. मी फक्त राखणीला."

हेमलतानं मान वर केली. "विचारून म्हणजे, ताई?"

"म्हणजे असं. हाताच्या शिरेत औषध सोडलं की ते मेंदूत पोचायला वेळ लागतो. हृदय जोरात असेल तर लवकर, दमलेलं असेल तर उशिरा. काकांचा प्रतिदेह सांगतो की औषध झटकन पोचेल. तेवढ्या वेळात झोप आली नाही, तर कमी पडलं असं समजून यंत्र आणखी देईल."

"आणि ते उशिरा पोचणारं असंल तर?"

"तर मागचं आणि पुढचं एकदम पोचेल. रक्तदाब असा खाली बसेल की वर काढता येणार नाही." डॉक्टर हसल्या. "पण काकांचं तसं नाही. म्हणून तर आपण मोजलं."

त्या वळल्या. पलंगाची चाकं सुटली.

हेमलताचे पाय जागीच राहिले. हा पट्टा म्हणजे दाराचा पास, एवढंच तिनं धरलं होतं. एकदा आत सोडलं की त्याचं काम संपलं. तो आत येऊन गाडी हाकणार होता, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नव्हतं. आता आत जे औषध जाणार, ते तिच्या रक्ताच्या वेगानं जाणार होतं, त्यांच्या शिरेतून.

बोललं, तर दार बंद. महिन्याभरात गाठ आतडं बुजवील, हे शल्यविशारद बोरगावे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि न बोलावं, तर?

पलंग दारापाशी पोचला होता. नंदकुमारांनी मान वळवून तिला शोधलं. "ये की. मागं का राहिलीस?"

"ताई," हेमलता म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "ती नाडी यांची न्हाई. माझी हाय."

डॉक्टर नसरीननी पलंग थांबवला आणि दार लावून घेतलं. हेमलतानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं: खोबरेल, अंगठा, पहाट. सांगताना तिचे हात हवेत तसेच हलले, जसे रोज हलायचे. डॉक्टर त्या हातांकडं बघत राहिल्या.

"त्या कुलपासाठी कंपनीनं किती डोकं लढवलं असेल," त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात गंमत नव्हती. "काकू, अजून थोड्या वेळानं बोलला असतात, तर मी तुमच्या नवऱ्याला माझ्या हातांनी मारलं असतं. आणि का मेला, ते मला जन्मभर कळलं नसतं."

हेमलतानं मान खाली घातली. ते बोलणं तिनं पदरात घेतलं. दुसरं कुठं ठेवणार?

नंदकुमार आपल्या मनगटाकडं बघत होते. जणू ते कोणी दुसऱ्यानंच तिथं आणून ठेवलं होतं.

"रेणावीला गेलो तवा?" त्यांनी विचारलं.

"तवा तुमचंच होतं काळीज."

"पहिल्यासारखंच? दमलेलं?"

"पहिल्यासारखंच."

त्यांनी दुसऱ्या हातानं ते मनगट चाचपलं. "मला वाटलं, मी बरा झालो," म्हणाले. एवढंच. तिनं हात पुढं केला. त्यांनी आपला हात चादरीखाली घेतला.

बोरगावे डॉक्टर हात धुऊन येऊन उभे होते. ऐकल्यावर त्यांनी मास्क खाली ओढला. "आज सोड, नसरीन. खरा पट्टा बांध, महिन्यानं बघू."

"महिन्यानं आतडं बंद पडून येतील, सर. तेव्हा घाईत भूल द्यावी लागेल, पोट फुगलेलं असताना. तेव्हाचा आकडा काय असेल?"

"पण आजचा आकडाच नाही आपल्याकडं."

"आहे. पहिल्या खेपेचा पट्टा खरा आहे." त्या पाटीवर बोटं चालवू लागल्या. एकशे साठ वेळा न उठलेला तो जुना प्रतिदेह त्यांनी पुन्हा उघडला, आणि तो कोणकोणत्या टप्प्यावर मेला ते एकेक करून बघायला लागल्या. हेमलताला पाटीवर नुसत्या तुटलेल्या रेषा दिसत होत्या. हिरवी रेषा डोलत येते, बसते, आणि पुन्हा उठत नाही. प्रत्येक रेषा म्हणजे तिचा नवरा. तिनं डोळे मिटले नाहीत. एवढं बघणं तरी आपण देणं लागतो, असं तिला वाटलं.

"बघा," डॉक्टर नसरीन हळू म्हणाल्या. "यातले बरेच सुरुवातीलाच गेलेत. पोट उघडायच्या आधी. आपण यंत्राला सांगून ठेवलंय की रुग्ण दोन मिनिटांत झोपला पाहिजे. मागं लोक खोळंबलेले असतात ना. ते बिचारं दोन मिनिटांत झोपवायला बघतंय, आणि याचं औषध पोचलेलंच नाही." त्यांनी क्षणभर ओठ आवळले. "हे मी मागच्या महिन्यात विचारायला हवं होतं. आकडा आला, मी मान डोलावली."

त्यांनी वेळेची अट काढून टाकली आणि यंत्राला पुन्हा हजार वेळा भूल द्यायला लावली. पाटी गरगरत राहिली. खोलीत फक्त वाऱ्याच्या यंत्राची घरघर.

आकडा आला ब्याण्णव.

"पन्नासच्या वर," बोरगावे म्हणाले. "पंप उघडणार नाहीत."

"पंपाशिवाय द्यायची. डॉक्टरनं हातानं द्यायची भूल कायद्यातून गेलेली नाही. रुग्णानं शुद्धीत स्वतः सांगितलं, आणि डॉक्टरनं आपल्या नावावर घेतली, तर चालतं."

"शेवटची कधी दिलीस?"

"खूप वर्षं झाली." त्या नंदकुमारांकडं वळल्या, स्टूल ओढून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसल्या. "काका, खोटं काही सांगत नाही. तुमच्यासारखे शंभर जण आज आत नेले, तर नऊ-दहा परत येणार नाहीत. नाही केलं, तर गाठ वाढणार, ते तुम्हाला माहीत आहे. मी करायला तयार आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. काकूंना विचारायचं असेल तर..."

"तिला न्हाई विचारायचं," नंदकुमार म्हणाले. छताकडं बघत बोलले. "तिनं मला विचारलं न्हाई. हे माझं मी ठरवणार." मग म्हणाले, "जत्रेत दुकान लावायचो तवा धा पेट्यांत एखादी फुटकीच निघायची. म्हणून काय जत्रा सोडली? करा तुम्ही."

आतल्या दिव्याखाली सगळं थंड होतं. आधी त्यांच्या मनगटातल्या धमनीत एक बारीक नळी बसवायची होती, म्हणजे रक्तदाब ठोक्याठोक्याला दिसत राहिला असता. डॉक्टर नसरीननी एकदा सुई टेकवली, दोनदा टेकवली. मूठ आवळलेली, मनगट लाकडासारखं, धमनी आत आकसून बसलेली.

"काका, सैल सोडा."

"सैलच हाय की."

नव्हतं. हेमलता बघत होती. असले हात तिला पाठ होते. बोहल्यावर चढायला नको असलेल्या पोरींचे हात असे असायचे.

"मी धरू का?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी नंदकुमारांकडं बघितलं. त्यांनी नुसते डोळे छताकडं वळवले. हेमलतानं हात हातात घेतला.

जन्मभर तिच्या हातात हात विरघळले. हा विरघळेना. दहा रात्री झोपेत बिनबोभाट तिच्या स्वाधीन झालेला हात आता जागा होता, आणि तिला ओळखत होता. तिनं अंगठा कुरवाळला. तो परत ताठ झाला. तिनं जोर लावला नाही. दोन्ही तळव्यांत तो हात नुसता धरून ठेवला, थंडीत पाखरू धरावं तसा, आणि ओठांतल्या ओठांत ती ओवी सुरू केली. अर्ध्यावर येऊन थांबली.

"पुढचं म्हण," नंदकुमार म्हणाले. अजून छताकडंच बघत होते. "अर्धं सोडू नये."

तिनं पुढचं म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. कितव्या तरी खेपेला तिच्या बोटांखाली काहीतरी सुटलं, गाठ निसटावी तसं. मनगट उलटं झालं आणि खाली धमनी उडायला लागली, बारीक, दमलेली, त्यांची. दहा रात्री ही नाडी तिनं यंत्रापासून लपवली होती. आज पहिल्यांदा ती तिनं बोटांनी ऐकली.

"मिळाली," डॉक्टर नसरीन म्हणाल्या.

पडद्यावर लाल रेषा डोलू लागली. पंपांच्या रांगेवर दिवे बंद होते. डॉक्टरांनी पिचकारी स्वतःच्या हातात घेतली आणि औषध सोडलं, इतकं सावकाश, की दट्ट्या हलतोय की नाही कळेना. मग थांबल्या.

काही झालं नाही.

नंदकुमार टक्क जागे. सहायक तरुणी पडद्यावरच्या घड्याळाकडं बघून अस्वस्थ झाली. "मॅडम, दोन मिनिटं झाली. अजून थोडं?"

"नाही."

"पण ते पूर्ण..."

"नाही म्हटलं ना. वाट बघायची."

हेमलताला समजलं. तिच्या शिरेत असतं तर ते औषध केव्हाच पोचलं असतं. यांचं रक्त पायी निघालं होतं. कोपरापाशी आलं असेल. खांद्यापाशी आलं असेल. त्या थकल्या हृदयाच्या ओसरीवर जरा टेकलं असेल, आणि मग पुन्हा उठून वरची चढण. तिनं त्याला घाई केली नाही. आतापर्यंत खूप केली होती.

नंदकुमारांनी पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडं बघितलं. डोळे जड व्हायला लागले होते.

"हेमे," ते म्हणाले, "तुझ्यावर मी..."

आणि वाक्य तिथंच राहिलं. पापण्या मिटल्या.

लाल रेषा खाली बसू लागली. एक पायरी. दुसरी. सहायक तरुणीनं श्वास रोखला. डॉक्टर नसरीननी दुसऱ्या पिचकारीतून थेंबभर काही दिलं आणि पुन्हा हात आवरला. पडद्याकडं न बघता त्यांनी दोन बोटं नंदकुमारांच्या मानेवर ठेवली होती. आणखी एक पायरी. त्यांच्या कपाळावर घाम आला. पिचकारीवरचा अंगठा मात्र हलला नाही. रेषा तिथं तशीच डोलत राहिली, खाली जाईना, वर येईना. मग उतारावर थांबलेल्या बैलगाडीनं आधी मागं-पुढं होऊन मग चाक टाकावं, तशी ती वर सरकली.

"आता बाहेर थांबा, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "शुद्धीत परत आणतानाही असंच हळूहळू आणावं लागेल. वेळ लागला तर वाईट काही समजू नका."

बाहेरच्या बाकावर हेमलता बसली. शेजारच्या एका बाईनं डबा पुढं केला, तिनं नको म्हटलं. तिच्या मनात ते अर्धं वाक्य फिरत होतं. तुझ्यावर मी. तिनं त्याला नाना शेपट्या लावून बघितल्या. तुझ्यावर मी भरोसा ठेवला. तुझ्यावर मी आता कसा ठेवू. त्यातली एखादी तरी खरी असेल, आणि ती ऐकायला मिळाली तर पुरे, मग ती कितीही टोचणारी असो. बोरगावे डॉक्टर बाहेर आले, गाठ निघाली म्हणाले, आणि तिनं विचारायच्या आत म्हणाले, "अजून उठले नाहीत. नसरीन बसलीय."

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा तिला आत बोलावलं.

नंदकुमार पांढऱ्या चादरीत सुकल्या पानासारखे पडले होते. डॉक्टर नसरीन शेजारी स्टुलावर, टोपी हातात, डोळे लाल. "हाक मारा," त्या म्हणाल्या. "माझ्या हाकेला पापणी हलतेय, डोळे नाही उघडत."

हेमलता वाकली. "अहो," म्हणाली. चाळीस वर्षं दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलीच नव्हती. "अहो, ऐकलं का?"

बराच वेळ काही नाही. मग पापण्या हलल्या, भुवईवर आठी आली, आणि डोळे उघडले. ते आधी छताकडं गेले, मग नळ्यांकडं, मग तिच्यावर येऊन टेकले. ओठ सुकलेले. घशातून खरखर आली.

"विचारलं न्हाईस मला," ते म्हणाले.

"न्हाई विचारलं."

"का?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालोच असतो." त्यांनी डोळे मिटले. डॉक्टर नसरीन अर्ध्या उठल्या. पण ते नुसते दम घेत होते. डोळे न उघडता त्यांनी चादरीखालून हात थोडा बाहेर काढला. तिला दिला नाही. पण मागंही घेतला नाही.

"तुझ्यावर रागच हाय माझा," ते म्हणाले. "उतरायला लई दिवस लागतील."

"लागू द्या," हेमलता म्हणाली, आणि स्टूल ओढून त्या हाताशेजारी बसली.